इराक युद्धाचा निधी सैन्यमाघारीच्या मुदतीशी बांधावा

दिनांक : 7 मे 2007

प्रति,
न्यू जर्सी राज्यातून निवडून गेलेले सिनेट व प्रतिनिधिगृहाचे सन्माननीय सदस्य,
अमेरिकी काँग्रेस, वॉशिंग्टन.

विषय : इराक युद्धाच्या पुरवणी निधीत सैन्यमाघारीची बंधनकारक मुदत घालणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे न्यू जर्सीत स्थायिक झालेले मराठी भाषक, अमेरिकेचे नागरिक व आपले मतदार आहोत.

माघारीची मुदत घातलेले पुरवणी निधीचे विधेयक राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी 1 मे रोजी नकाराधिकार वापरून परत पाठवले. दुसऱ्या दिवशी प्रतिनिधिगृहात तो नकाराधिकार रद्द करण्याच्या बाजूने 222 व विरोधात 203 मते पडली. दोन तृतीयांशांचा पल्ला गाठता आला नाही. आता नवे विधेयक तयार होत आहे. त्यातून मुदत गाळली जाऊ नये, यासाठी हे निवेदन आहे.

मुदत मागणारे लोक सैनिकांची रसद तोडत आहेत, असे सांगितले जाते. हे खरे नाही. परत आलेल्या विधेयकात सुमारे 124 अब्ज डॉलरची तरतूद होती. राष्ट्राध्यक्षांनी मागितले त्याहून ती अधिक होती आणि तीत माजी सैनिकांच्या उपचारांसाठी जादा रक्कमही होती. पैसा नाकारला गेला तो मुदतीमुळे, आणि नाकारणारी काँग्रेस नव्हती.

इराकमधल्या ज्या सर्वसंहारक शस्त्रांसाठी ऑक्टोबर 2002 मध्ये युद्धाची परवानगी मागितली गेली, ती सापडलीच नाहीत. मग हेतू बदलला, पुन्हा बदलला. तीन हजार तीनशेंहून अधिक अमेरिकी सैनिक मरण पावले आहेत. मारल्या गेलेल्या इराकी नागरिकांची तर नीट मोजदादही कुणी ठेवलेली नाही. गेल्या महिन्यात लष्कराच्या नियमित जवानांची तैनाती 12 वरून 15 महिन्यांवर नेण्यात आली. फोर्ट डिक्स आपल्याच राज्यात आहे. तिथून रवाना होणाऱ्या राखीव दलांतली मुले आमच्या मुलांच्या शाळांतली आहेत. त्यांच्या आईवडिलांना परतीची तारीख विचारायचा हक्क आहे, आणि आज त्यांना उत्तर देणारा कुणी नाही.

मराठी माणसांना इराकची भूमी अनोळखी नाही. नोव्हेंबर 1914 मध्ये ब्रिटिशांनी पूना डिव्हिजनच्या तुकड्या फाओला उतरवल्या. सुरुवातीला काम होते बसरा आणि तेलाचे हितसंबंध राखण्याचे. मग एकेक गाव घेत, पुरेशी बोट-वाहतूक नसताना, दवाखान्यांची सोय नसताना, फौज बगदादच्या दिशेने ढकलली गेली. टेसिफोनला ती अडली, कुतला वेढली गेली आणि 29 एप्रिल 1916 रोजी शरण आली. तिच्यात मराठा पलटणींचे जवान होते, सातारा-रत्नागिरीकडच्या शेतकऱ्यांची मुले. कैदेत हजारो माणसे मेली. त्यानंतर ब्रिटिश संसदेने चौकशी आयोग नेमला. 1917 मध्ये अहवाल आला, भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. जखमींचे झालेले हाल त्या अहवालात सविस्तर नोंदले आहेत. आयोगाने नंतर विचारलेले प्रश्न फौज पुढे कूच करण्याआधी विचारले गेले असते, तर यातली किती माणसे घरी परतली असती? वॉल्टर रीड इस्पितळातल्या जखमी सैनिकांची दैना यंदा फेब्रुवारीत उजेडात आली, तेव्हा आम्हाला हाच इतिहास आठवला.

संविधानाने खजिन्याची किल्ली आपल्या हाती दिली आहे. लष्करासाठी दोन वर्षांपलीकडची तरतूदच करता येणार नाही, असे बंधन घटनाकारांनी मुद्दाम घातले. 1973 मध्ये काँग्रेसने 15 ऑगस्ट ही तारीख ठरवून इंडोचीनमधल्या लष्करी कारवायांचा निधी थांबवला होता. 1993 मध्ये सोमालियाबाबतही मुदत घातली. त्यामुळे आमची मागणी नवी नाही.

आमची मागणी अशी की, माघार उशिरात उशिरा 1 ऑक्टोबर 2007 रोजी सुरू व्हावी, हे नव्या विधेयकात कायम ठेवावे. पुढच्या 180 दिवसांत लढाऊ फौजा परत आणणे हे मागील विधेयकात केवळ उद्दिष्ट होते. तेवढ्याने भागणार नाही. ती अट करावी. बेकर-हॅमिल्टन अभ्यासगटानेही 2008 च्या पहिल्या तिमाहीचाच काळ सुचवला होता. माघारीची ती मुदत संपल्यानंतर पैसा मिळावा तो सैनिकांना सुखरूप परत आणण्यासाठी, दूतावासाच्या संरक्षणासाठी आणि जखमींच्या उपचारांसाठी.

फौजा निघाल्यावर इराकी लोकांचे काय, हा प्रश्न आम्ही टाळत नाही. सुमारे 20 लाख इराकी आजच देश सोडून गेले आहेत, आणि जवळपास तितकेच देशातच विस्थापित आहेत. अमेरिकेने 2006 च्या आर्थिक वर्षात त्यांपैकी फक्त 202 जणांना आसरा दिला. आपल्या सैन्यासाठी दुभाषे म्हणून काम केल्यामुळे ज्यांच्या जिवावर बेतले आहे, त्यांना कुटुंबासह येथे आणण्याची तरतूद याच विधेयकात व्हावी. ही आमची आग्रहाची मागणी आहे.

पुन्हा नकाराधिकार वापरला गेला, तर मुदतीसह तेच विधेयक पुन्हा पाठवावे. आपण कोणत्या बाजूने मत देणार, हे मतदानापूर्वी आम्हास लेखी कळवावे, ही विनंती.

आपले,
न्यू जर्सीतील मराठी भाषक मतदार
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)