हर्णे बंदर : आराखड्यात सर्वांना जागा हवी

दापोली तालुक्यातील हर्णे बंदरात मासळीचा लिलाव पिढ्यान्‌पिढ्या वाळूवर होत आला आहे. पुरेसा धक्का नसल्याने नौका खोल पाण्यात नांगरायच्या आणि मासळी होडीतून, मग बैलगाडीतून किनाऱ्यावर आणायची. पर्यटकांना हे दृश्य आवडते; पण प्रत्येक चढउतारीत वेळ जातो, बर्फ वितळतो आणि मासळीचा भाव पडतो. वादळात तर नौकांना आंजर्ले खाडीचा किंवा दूर जयगडचा आसरा शोधावा लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोलीचा किनारा कसा झोडपला, हे आपण विसरलेलो नाही.

म्हणून सुसज्ज बंदराची मागणी रास्तच आहे. मात्र जेटी आणि लाटरोधक बंधारा म्हणजे संपूर्ण बंदर नव्हे. मासळी निवडणाऱ्या आणि विकणाऱ्या बायका, खलाशी, गाडीवान, बर्फवाले यांच्यासाठी सावली, पाणी, शौचालय आणि लिलावाची हक्काची जागा आराखड्यातच असली पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील अनधिकृत बांधकामे हटवण्यात आली. कायद्याची बाजू मान्य केली तरी एक धडा उरतो : ज्यांच्या कामाला नकाशात जागा नसते, ते उद्या अतिक्रमणदार ठरतात.

हर्णेसमोरच्या समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. जुलै २०२५ मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आता पर्यटक वाढतील. त्यांच्या बोटींची सोय वेगळी केली नाही, तर धक्क्यावर मच्छीमारच मागे ढकलला जाईल. बंधाऱ्यामुळे गाळ कुठे साचेल आणि वाळू कुठून खचेल, हेही आधीच विचारायला हवे.

तरुण मित्रांनो, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दालदी मुसलमान आणि कोळी एकाच समुद्रावर जगत आले आहेत. हा प्रश्न दोघांचा आहे, तेव्हा दोघांनी मिळून तो मांडावा. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक मासळी हाताळणाऱ्या बंदराला पर्यावरण मंजुरी लागते. जनसुनावणी असेल, तर किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते. त्या दिवसांत अहवाल मिळवा, घरातल्या बायकांना आणि वडीलधाऱ्यांना सोप्या मराठीत वाचून दाखवा, हरकती लेखी द्या आणि पोच घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्याला आणि माणसे घरी असतात. मोहल्ल्यात आणि कोळीवाड्यात एकत्र बैठका घ्यायला हाच काळ योग्य.

बंधारा एकदा समुद्रात पडला की तो हलवता येत नाही. नकाशावरची रेघ मात्र आज बदलता येते.