रबराचं नाक

आपल्या लोकांना ‘कडक’ या शब्दाचं विलक्षण प्रेम आहे. चहा कडक लागतो, इस्त्री कडक लागते, मुलांचे मास्तर कडक असले की आईबापांना रात्री चांगली झोप लागते. बेसनाचा लाडू तेवढा कडक झालेला कोणाला चालत नाही, पण तो दातांचा प्रश्न झाला. बाकी कडकपणाबद्दल कोणाची म्हणून तक्रार नाही. माझी आहे. ती मोटारीच्या पोटाखालची आहे आणि आज मी ती मन मोकळं करून सांगणार आहे. ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांनीही ऐकावी. मणके सगळ्यांनाच असतात.

आमची मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. घरात तिला अजून ‘फियाट’च म्हणतात, आणि त्यात फारसं चूकही नाही. 1953 साली इटलीत जी फियाट 1100 निघाली, तिचीच ही कुर्ल्याला वाढलेली लेक. तीर्थरूपांनी नंबर लावून, वाट बघून बघून 1984 साली ती घरी आणली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतल्या शेवटच्या पद्मिनीला ऑक्टोबर 2023 मध्ये निरोप दिला गेला. आमची मात्र अजून नोकरीत आहे. मी तिचा पर्यावरण कर भरतो, तिला पासिंगला नेतो आणि ती नापास झाली तर काय, या काळजीने स्वतःच्या मॅट्रिकच्या निकालालाही पिलो नव्हतो इतकं पाणी पितो.

तर या गाडीला मागे पाटे आहेत. लोखंडाच्या लांब पट्ट्या एकीखाली एक बांधलेल्या, आणि त्यांच्यावर आडवा अ‍ॅक्सल. चाक उंचवट्यावर चढलं की पाटे सपाट होतात आणि अ‍ॅक्सल थेट बॉडीच्या दिशेने निघतो. तो बॉडीवर आदळू नये म्हणून दोन्ही बाजूंना पेरूएवढी दोन रबरं लावलेली असतात. पुस्तकात त्यांना बंप स्टॉप म्हणतात, गॅरेजमध्ये बंप रबर किंवा नुसतं बफर. पुढच्या चाकांनाही असतात. ही रबरं कोणाला दिसत नाहीत. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात जाऊन पाहा. बंपर असा चमकतो की मालक त्यात बघून दाढी करतील, हॉर्नचं बटण इटलीहून मागवलेलं असतं. आणि खाली वाकून बघावं तर रबराच्या जागी परवाच्या भज्यासारखं काहीतरी काळं, भेगाळलेलं लोंबत असतं. मी एकदा असं वाकून पाहिलं. मालकांनी मला उठवलं आणि सौजन्याने विचारलं, “चक्कर आली का?”

2022 साली आमच्याही रबरांचे तुकडे पडले. मी गाडी नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी फडताळातून दोन काळे ठोकळे काढले आणि एक माझ्या हातात दिला. वजनदार, गोल, नळकांड्यासारखा. नख लावलं तर नखच वाकावं.

“कोणत्या गाडीचा आहे हो?” मी विचारलं.

“टेम्पोचा असेल नाहीतर ट्रकचा. काका, तुम्ही काळजीच सोडा. गाडी मरेल, पण हे रबर मरणार नाही.”

मला हे वाक्य फार आवडलं. मी मूर्खासारखा घरी येऊन ते सगळ्यांना ऐकवलंदेखील. गाडी मरेल पण रबर मरणार नाही, हा गुण आहे की धमकी, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

पुढच्याच आठवड्यात आम्ही जेजुरीला निघालो. मी, ही, मुलगी, जावई आणि माझी आई. आईचं वय तेव्हा सत्त्याऐंशी. डिकीत डबे, पाण्याचा कॅन, आणि ‘असू दे’ या सदरात मोडणाऱ्या चार पिशव्या. सासवडच्या पुढे एक स्पीडब्रेकर मला दिसला नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने 1988 साली स्पीडब्रेकरचं माप ठरवून दिलं: उंची 10 सेंटिमीटर आणि रुंदी 3.7 मीटर, म्हणजे पंचवीसच्या वेगाने मोटार त्यावरून अलगद गेली पाहिजे. हा जो होता तो कोणीतरी रात्री खडी उरली म्हणून घातला असावा. माझा वेग चाळीस होता, हे मी कबूल करतो. मागून हातोडा मारल्यासारखा ‘ठण्ण’ असा आवाज आला, आणि त्याच्या मागोमाग आईचा, अगदी बारीक.

एक्स-रेत मणका दबलेला दिसला. सहा आठवडे ती पाठीवर पडून होती. उभ्या आयुष्यात दिवसा आडवी न झालेली बाई. आल्यागेल्याला ती सांगायची, “खंडोबाने बोलावलं होतं, पण फियाटला मान्य नव्हतं.” मला मात्र ती काही बोलली नाही. त्यामुळे मी फार वाईट झोपलो.

मी मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, “रबराला काही झालंय का बघा.” मी पाहिलं. रबराला खरंच काही झालं नव्हतं. वचन त्यांनी पाळलं होतं.

इथून माझं भांडण सुरू होतं. गाडी वरून खाली येताना तिच्या अंगात जो जोर असतो तो कुठेतरी जिरवावाच लागतो. तो तीस मिलिमीटरच्या प्रवासात जिरला तर एक धक्का बसतो. तोच पाच मिलिमीटरमध्ये जिरवायचा म्हटलं तर धक्का सरासरी सहापट होतो. हे शाळेतल्या पदार्थविज्ञानाचं गणित आहे. कडक रबर दबत नाही, याचा अर्थ ते धक्का खात नाही. तो जसाच्या तसा वर पाठवून देतं. वर बॉडी असते, बॉडीवर सीट असते आणि सीटवर कोणाची तरी आई असते. सरकारी कार्यालयात अशा वागण्याला ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवले’ असं म्हणतात. त्याला मजबुती कोणी म्हणत नाही.

“पण बंप रबर रोज कुठे लागतं? ते शेवटच्या क्षणासाठी,” असं आमच्या शेजारचे निवृत्त इंजिनिअर म्हणतात. ते पुलांचे इंजिनिअर होते, त्यामुळे हलणाऱ्या वस्तूंबद्दल त्यांच्या मनात मुळातच अढी आहे. मोठ्या जड गाडीबद्दल त्यांचं म्हणणं थोडंफार खरं असेल. छोट्या गाडीचं दुखणं निराळं. पद्मिनीचं वजन नऊशे किलोच्या आसपास. तीत पाच माणसं आणि जेजुरीचं सामान भरलं की चारशे किलो वाढतात, त्यातले बरेचसे मागच्या पाट्यांवर. नऊशेवर चारशे! म्हणजे भरलेल्या छोट्या गाडीला बंप रबर हे अडीअडचणीला लागणारं भांडं नाही. ती स्प्रिंगचीच शेवटची पायरी आहे. इंग्लंडात 1959 साली निघालेली मिनी ही आमच्या फियाटहूनही चिमुकली गाडी. तिला अ‍ॅलेक्स मोल्टन या गृहस्थांनी लोखंडी स्प्रिंगच दिली नाही. चारी चाकांना शंकूसारखे रबर दिले. ओझं कमी असताना ते मऊ, ओझं वाढेल तसे आपोआप ताठ. रबराकडून काय काम करून घेता येतं ते तिथे पाहावं. आणि आम्ही त्याच रबराला फुटपाथच्या दगडाची नोकरी देतो.

रबराबद्दल आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि ती कळल्यावर मी हिला रात्री उठवून सांगितली. (तिची प्रतिक्रिया इथे देत नाही.) रबर आकसत नाही. दाबलं की ते तेवढंच राहतं, फक्त बाजूला फुगतं. फुगायला जागा मिळाली तरच ते दबतं. म्हणून चांगल्या बंप रबराला नाक असतं. टोकाशी निमुळतं, बुडाशी रुंद. अ‍ॅक्सल वर आला की आधी त्याची गाठ नाकाशी पडते. नाक बसतं, फुगतं, मग रुंद बुडाची पाळी. आधी विनंती, मग दटावणी. सपाट नळकांड्याला ही रीतभातच ठाऊक नसते; ते पहिल्या भेटीतच कानाखाली वाजवतं.

हे कळल्यावर मी दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो. सोबत नाना पेठेतून शोधून आणलेली, बरोबर आकाराची, नाकवाली नवी जोडी होती. तिथल्या मिस्त्रींनी गाडी उचलली, रबर जागेवर धरून पाहिलं, “लांब होतंय, लागेल,” म्हणाले आणि माझ्या डोळ्यांदेखत करवतीने त्याचं नाक कापलं. रामायणात याच कृत्यावरून पुढे केवढं रामायण झालं! त्या रबरात जेवढं म्हणून मऊ होतं तेवढंच त्यांनी नेमकं जमिनीवर पाडलं. पुढे महिनाभर चांगलं बंप रबर कुठेही दिसलं नाही. एका दुकानदाराने वीसेक वर्षं डब्यात बंद असलेली ‘ओरिजिनल’ जोडी मोठ्या भक्तिभावाने उघडून दाखवली. वाकवली तर बारीक भेगा उमलल्या. डब्यात राहिल्याने रबर तरुण राहत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी डबा झाकला आणि मलाही. शेवटी एका साचेवाल्याकडून नमुन्याबरहुकूम नैसर्गिक रबराची जोडी करून घेतली. अंगठ्याने जोर केला की नाक थोडंसं मान झुकवतं, अशी. हल्लीच्या गाड्यांत स्पंजासारख्या पॉलियुरेथेनची बंप रबरं असतात. ती अर्ध्याहून खाली दबतात आणि कामाला फार छान. पण त्यांचा आकार आमच्या गाडीच्या जागेत बसेना. त्याच नावाचं लालचुटूक, घट्ट रबरही बाजारात मिळतं. ते ट्रकच्या ठोकळ्याचंच शिकलेलं भावंडं.

आता ते नाक लांब आहे की आखूड, हे मिस्त्रींच्या डोळ्यावर सोडायचं नाही असं मी ठरवलं होतं. रबर फार उंच झालं तर गाडी सारखी त्यावरच बसून राहते आणि पाटे बेकार होतात. फार बुटकं झालं तर त्याची पाळी येण्याआधीच शॉकअप आदळतो किंवा टायर मडगार्डला घासतो. यावर उपाय घरातच असतो. कणीक. एक घट्ट गोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अ‍ॅक्सलवर, रबराच्या बरोबर खाली, दोऱ्याने बांधायचा, गाडी भरायची, चालवून आणायची आणि गोळा किती चेपला ते पट्टीने मोजायचं. चेपून जेवढा उरला तेवढी जागा उरली. पुढे मी आणि जावई बसलो, मागे तीन माणसांऐवजी गव्हाची पोती ठेवली. आई बाल्कनीत कमरेला पट्टा बांधून खुर्चीवर बसली होती. “माझ्या जागी कोणतं पोतं?” असं तिने वरून विचारलं.

पहिल्याच फेरीत कणकेचा पापड झाला. गाडी नुसती भरल्याबरोबर अ‍ॅक्सल रबराला जाऊन भिडला होता. म्हणजे दुसऱ्या मिस्त्रींचं “लागेल” हे खरंच होतं. करवत तेवढी चुकीच्या रोग्यावर चालली. पाटे बसले होते. चाळीस वर्षं ओझं वाहून कोण बसणार नाही? ते उतरवले, त्यांना पुन्हा बाक देऊन आणला. “एक जादा पाटा टाकू का, कडक होईल,” असं तिथेही कोणीतरी विचारलंच. मी हात जोडले. मग भरलेल्या गाडीतही नाकाखाली दोन बोटं जागा उरली. स्पीडब्रेकरवर कणीक चेपली, पण हळू.

रबरं मी स्वतः बसवली. त्यात शौर्य काही नाही. बॉडी जॅकने उचलून खाली घोड्या लावल्या, अ‍ॅक्सल खाली सोडला. तो ब्रेकच्या नळीवर लोंबू नये म्हणून त्याला दुसऱ्या जॅकचा हलका टेकू दिला. जुने नट रॉकेलमध्ये रात्रभर भिजवले, तरी एक तुटलाच. तो कापण्यात माझा रविवार गेला. मिस्त्री सांगतात तसा नट ‘एकदम टाईट’ करू नये. रबर पिळवटायच्या आत थांबावं. आणि दोन्ही बाजूंची एकदम बदलावीत, नाहीतर गाडी एका पायाने लंगडते.

आई आता गाडीत बसते, पण पुढे. मागे बसायची भीती वाटते असं ती म्हणत नाही. “पुढून देऊळ नीट दिसतं,” म्हणते. जेजुरीचं देऊळ आमच्या दारातून दिसत नाही, हे मी तिला सांगत नाही.

ट्रकचे ते दोन ठोकळे मी फेकले नाहीत. एक दिवाणखान्याच्या दारामागे भिंतीवर ठोकला आहे. वाऱ्याने दार आपटतं तेव्हा ‘ठण्ण’ असा आवाज होतो, आणि आतल्या खोलीतून आई ओरडते, “तेही बदल रे!”