ढगात पाणी की बर्फ? आधी बघा, मग विमान उडवा



पावसाने ओढ दिली, उसाची पानं गुंडाळू लागली, की पारावर एकच विषय निघतो. सरकार कृत्रिम पावसाचं विमान का पाठवत नाही? मागणी गैर नाही. तहानलेल्याने पाणी मागायचं नाही तर काय करायचं? परंतु आमचे म्हणणे असे की, विमान मागण्याअगोदर दुसरा एक प्रश्न विचारला पाहिजे. त्या ढगात आहे काय, पाणी की बर्फ? हे न बघता केलेली फवारणी म्हणजे रोग न ओळखता मारलेले औषध, आणि खर्च होतो तो पैसा आपलाच.

कोणी म्हणेल, एवढ्या उंचीवर शिडी लावून बघणार कोण? शिडी नको. हे काम उजेडाने होते, आणि तसल्याच उजेडाने आपल्या उसाच्या रसातली साखर रोज मोजली जाते.

'पोल' हा शब्द प्रत्येक सभासदाच्या कानावरून गेलेला आहे. उतारा काढायला तोच आकडा लागतो. प्रयोगशाळेत रस निवळून काचेच्या नळीत भरतात आणि त्यातून ध्रुवित प्रकाश सोडतात. ध्रुवित म्हणजे काय? साधा उजेड सगळ्या दिशांनी थरथरतो. कासरा गोठ्याच्या दोन उभ्या फळ्यांच्या फटीतून ओवून हलवला, तर वर-खाली हिसका पलीकडे जातो, आडवा हिसका अडतो. तशी चाळणी लावून एकाच दिशेने थरथरणारा उजेड निवडला, की तो झाला ध्रुवित. साखरेचे द्रावण ही थरथरीची दिशा उजवीकडे फिरवते. जितकी साखर जास्त तितकी दिशा जास्त फिरते. पोल म्हणतात तो हाच.

ढगात साखर नाही, तिथली तऱ्हा निराळी. जमिनीवरून ध्रुवित लेसर किरणाचे ठोके वर सोडतात आणि परतणारा उजेड दुर्बिणीने गोळा करतात. परत यायला लागलेल्या वेळावरून उंची कळते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचे 40 भाग लागले, तर ढग 6 किलोमीटरवर. पाण्याचा थेंब गोल असतो. त्याच्यावरून उलट फिरलेला उजेड ज्या दिशेने थरथरत गेला त्याच दिशेने थरथरत येतो. बर्फाचा कण मात्र सहा कोनी, कधी चकतीसारखा तर कधी कांडीसारखा. उजेड त्याच्या आत शिरून भिंतींवर आपटतो, वळतो, आणि त्यातला काही आडवा होऊन बाहेर पडतो. यंत्रात सरळ आणि आडवा असे दोन्ही उजेड वेगळे मोजतात. पाण्याच्या पातळ ढगात आडवा जवळजवळ नाहीच. बर्फाच्या ढगात सरळ 100 भाग आले तर आडवे बहुधा 30 ते 50. अमेरिकेत शॉटलंड, सॅसन आणि स्टोन यांनी 1971 साली हे मोजून प्रसिद्ध केले. पुढे हीच युक्ती कॅलिप्सो उपग्रहावर बसवली. 2006 ते 2023 तो वरून ढग तपासत होता.

यंत्र फसतही नाही असे नाही, हो. बर्फाच्या चकत्या आडव्या तरंगत असल्या तर आरशासारखा उजेड जसाच्या तसा परत देतात आणि पाण्याचा भास होतो. म्हणून यंत्र थोडे तिरके धरतात. आणि पावसाळ्यातला दाट ढग असला तर लेसर थोडा आत जाऊन विरतो. थेंबा-थेंबांत टोलवला गेलेला उजेडही आडवा होतो. तिथे रडार आणि उपकरणे लावलेले विमान जोडीला हवेच.

आता याचा पावसाशी संबंध काय, ते बघा. पारा शून्याखाली गेला की पाणी गोठते, असे आपण धरून चालतो. ढगातला बारीक थेंब तसा गोठत नाही. गोठायला त्याला धरायला कण लागतो. तो नसला तर उणे 38 अंशांपर्यंतही तो पाणीच राहू शकतो. म्हणजे नुसते तापमान कळून भागत नाही. सिल्व्हर आयोडाइडची घडण बर्फासारखी असल्याने असे थेंब त्याला धरून गोठतात आणि वाढतात. पण तेही साधारण उणे 5 अंशांच्या खाली. ढग आधीच बर्फ झाला असेल तर ते वाया. ढग उबदार असेल तरी वाया. तिथे पाणी ओढणाऱ्या क्षाराचे कण ढगाच्या तळाशी सोडावे लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात शून्य अंशाची पातळीच सुमारे 5 किलोमीटरवर असते. तेव्हा कोणते औषध, किती उंचीवर, हे ढग बघूनच ठरणार.

महाराष्ट्रात 2003, 2015 आणि 2019 साली सरकारने विमाने उडवली. पाऊस पडला तो फवारणीने की आपसूक, याचा वाद प्रत्येक वेळी मागे राहिला. याउलट पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 आणि 2019 मध्ये सोलापूर भागात काम केले ते शिस्तीने. 276 ढग निवडले. काहींत क्षाराचे कण सोडले, काही मुद्दाम तसेच ठेवले आणि तुलना केली. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात पाऊस सरासरी सुमारे 18 टक्के वाढल्याचे दिसले. पण 18 टक्के कशावर? जो पाऊस मुळात पडणार होता त्यावर. आभाळ कोरडे असले तर शून्याचे 18 टक्के शून्यच.

मागणीचा ठराव करायचाच असेल तर त्यात एवढे तरी घालावे: फवारणीच्या दिवशी ढगात पाणी होते की बर्फ याची नोंद, शून्य अंशाची उंची, आणि न फवारता सोडलेल्या ढगांचा पाऊस, हे तिन्ही आकडे हंगाम संपल्यावर तालुक्यागणिक जाहीर व्हावेत. टिपऱ्यातल्या साखरेचा आकडा आपण दशांशापर्यंत भांडून घेतो. विमानाचा हिशेब मागताना मात्र नुसत्या उड्डाणांच्या संख्येवर समाधान मानतो, ते का?