रंग नंतर, गळ आधी

मे महिना लागला की नायगावला वसईच्या खाडीकाठी, रेल्वेपुलाच्या अंगाला, पहाटे काही हौशी मंडळी दिसू लागतात. खांद्याला रॉड, हातात खणाखणांचा डबा. प्रत्येक खणात एकेक खोटा मासा: कुणी चंदेरी, कुणी हिरवट पिवळा, कुणी लाल डोक्याचा, तर कुणाच्या पोटात खुळखुळणाऱ्या गोळ्या. एकेक ल्युअर पाचशे-हजाराच्या घरातला. भरती चढायला लागते तरी कुठल्या रंगाचा लावायचा, यावरच खल चाललेला असतो. डोळा मात्र सगळ्यांचा एकाच माशावर, जिताड्यावर.

हा खल जगभर चालतो. अमेरिका-कॅनडाच्या तळ्यांत मस्की नावाचा दांडगा मासा आहे. दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एक लागतो, अशी त्याची ख्याती, आणि त्याच्यासाठी वीत-वीतभर लांबीचे खोटे मासे विकले जातात. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६मध्ये बूच तासून, वर चॉकलेटची चांदी गुंडाळून आपला पहिला खोटा मासा केला. त्याने हेरली होती ती रंग नव्हे, चाल. थव्यातला जो मासा लंगडतो, मोठा मासा झडप घालतो तो त्याच्यावरच.

वसईच्या खाडीत रंगाचं कौतुक आणखी कमी व्हायला हवं. उधाणाच्या दिवसांत इथलं पाणी चहासारखं गढूळ होतं. अशा पाण्यात जिताडा डोळ्यांवर विसंबत नाही; अंगाच्या बाजूने गेलेल्या संवेदनशील रेषेने तो पाण्याची थरथर टिपतो. तेव्हा खुळखुळणारा ल्युअर पुलाच्या खांबाजवळून सावकाश ओढावा. भांगाला पाणी जरा निवळतं, मग चंदेरी, बोयटासारखा दिसणारा चालतो. ओहोटी लागली की तिवरांतलं पाणी बारीक ओहोळांनी खाली उतरतं, त्याबरोबर बोयटं आणि कोळंबी येते, आणि जिताडा ओहोळाच्या तोंडाशी टपून बसतो. तिथे मऊ रबरी कोळंबी पुरते. एवढं कळलं तर निम्मा डबा घरी ठेवता येईल.

खरं बघायचं ते ल्युअरच्या पोटाखाली. तिथे तीन तोंडांचे दोन-दोन गळ लोंबत असतात, प्रत्येक तोंडाला उलटा दात. मासा एकदा अडकला की कल्ल्यापर्यंत फाटू शकतो. खायलाच न्यायचा असेल तर हरकत नाही. पण हल्ली पुष्कळ जण फोटो काढून मासा सोडून देतात आणि पुण्य केल्याच्या समाधानात घरी जातात. रक्ताळलेल्या कल्ल्यांनी सोडलेला मासा किती जगणार?

जिताड्याच्या बाबतीत हे जास्तच महाग पडतं. हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, साधारण मीटरभर लांबीच्या आसपास पोचल्यावर, मादी होतो. म्हणजे ज्याच्यासोबत फोटो काढायची सगळ्यांना घाई, तो थोराड जिताडा बहुधा मादीच. पावसाच्या तोंडावर ती खाडीच्या मुखाशी अंडी घालायला उतरते, तीही लाखांनी. म्हणूनच ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात ५८ सेंटीमीटरहून लहान जिताड्याप्रमाणेच १२० सेंटीमीटरहून मोठा जिताडाही ठेवता येत नाही. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. काठावर उभ्या हौशी माणसाला ती बंदी आडवी येत नाही. त्याची बंदी त्यानेच ठरवायची.

पाचूबंदरच्या किंवा अर्नाळ्याच्या कोळ्याला हे ऐकवण्यात अर्थ नाही. त्याचं पोट त्यावर चालतं, आणि शहराचं सांडपाणी पोटात घेणाऱ्या खाडीचा फटका आधी त्यालाच बसतो. प्रश्न रविवारी येणाऱ्यांचा आहे.

मस्कीवाले उन्हाळ्यात पाणी फार तापलं की गळ गुंडाळून ठेवतात, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि दमलेला मासा सोडूनही मरतो. जिताडा उष्ण पाण्यातलाच, त्यामुळे तेवढं कडक पथ्य इथे नको. पण मे महिन्याच्या दुपारी, उथळ पाण्यात, अर्धा तास झुंजवलेल्या माशाला हाच नियम लागू पडतो. पहाटेची किंवा तिन्हीसांजेची भरती बघून जावं, गळाचा दोरा जाड ठेवावा, झुंज लवकर संपवावी.

बाकी काम घरच्या पक्कडीचं आहे. तीन तोंडांचे गळ काढून प्रत्येक ल्युअरला एकाच तोंडाचा गळ लावा आणि त्याचा उलटा दात दाबून सपाट करा. एखादा मासा निसटेल. सोडायचा असेल तो हात ओले करून, पाण्यातच ठेवून सोडा, आणि हातभराहून मोठा जिताडा जूनपर्यंत तरी घरी नेऊ नका.