गाठ निघाल्यावर उरणारा विषाणू

यकृतातली कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने निघाली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण रुग्णाला हिपॅटायटिस बी असेल, तर गाठ जाते आणि विषाणू राहतो. यकृताच्या कर्करोगात अशा शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जाते. मग सरकारी पैसा आधी कुठे लागावा? शस्त्रक्रियेवर, नंतरच्या गोळ्या-तपासण्यांवर, की लसीकरणावर? बुलढाणा जिल्ह्याला हा प्रश्न जास्त बोचतो. यकृताची मोठी शस्त्रक्रिया म्हणजे नागपूर किंवा मुंबई; मलकापूर-शेगावकरांना निदान रेल्वे आहे, लोणार-मेहकरकरांना तीही नाही.

शस्त्रक्रियेला प्राधान्य द्या म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. पहिल्या दोन वर्षांत उलटणारा रोग बहुधा मूळ गाठीच्याच निसटलेल्या पेशींचा असतो. गाठ केवढी होती, रक्तवाहिन्यांत शिरली होती का, यावर तो ठरतो. विषाणूविरोधी गोळीचा तिथे फारसा इलाज नाही. शिवाय आपल्याकडे बरेच रुग्ण पोचतात तेच शस्त्रक्रियेची वेळ निघून गेल्यावर; त्यांना वेळेत तिथवर पोचवणे हेच आधीचे काम. दारू आणि यकृतातली चरबी यांमुळे होणाऱ्या कर्करोगाचा हिपॅटायटिसशी संबंध असेलच असेही नाही.

दुसरीकडे, दोन वर्षांनंतर दिसणारी गाठ अनेकदा अगदी नवी असते. त्याच आजारी यकृतात, त्याच विषाणूच्या सावलीत वाढलेली. तैवानमधल्या ४,५६९ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर विषाणूविरोधी औषध घेणाऱ्यांत सहा वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण ४५.६ टक्के होते, न घेणाऱ्यांत ५४.६ टक्के. हा फरक चमत्काराचा नाही, आणि नोंदींवरच्या अभ्यासाला मर्यादा असतातच. तथापि शंभरातली नऊ माणसे ही लहान गोष्ट मानायला मी तयार नाही.

लसीचा मुद्दा सर्वांत दूरदृष्टीचा आहे. जन्मल्यावर २४ तासांत दिलेला डोस आईकडून बाळाला होणारी लागण रोखतो, आणि एका शस्त्रक्रियेच्या खर्चात कितीतरी बाळे सुरक्षित होतात. मात्र ही लस देशभरच्या नियमित लसीकरणात २०११ च्या सुमारास आली. आज पन्नाशीत असलेल्या शेतकऱ्याला तिचा लाभ मिळालेला नाही.

औषधाचा प्रश्न एका अर्थी सुटलेला आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि उपचार मोफत आहेत. अडचण गोळी मिळण्याची कमी आणि चालू ठेवण्याची जास्त आहे. बरे वाटू लागले की माणूस गोळी सोडतो. ती अचानक सुटली तर विषाणू उसळून यकृत निकामीही होऊ शकते. टेनोफोविर हे विषाणूविरोधी औषध दीर्घकाळ घेणाऱ्याचे मूत्रपिंड तपासावे लागते, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागते. प्रत्येक खेपेला मजुरी बुडते, ती वेगळीच.

म्हणून माझा कौल असा: लसीकरणाच्या पैशाला हात न लावता शस्त्रक्रिया आणि पाठपुरावा हा एकच उपचार मानावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया मंजूर होतानाच रुग्णाची नोंद कावीळ कार्यक्रमाच्या जिल्ह्यातल्या उपचार केंद्रात व्हावी आणि पुढची सोनोग्राफी खामगाव किंवा बुलढाण्यात मिळावी. यावर रास्त आक्षेप आहे. बुलढाण्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्येच सुरू झाले. नव्या संस्थेवर किती भार टाकायचा? तथापि या कामाला यकृताचा शल्यविशारद लागत नाही. नोंदवही, सोनोग्राफी करणारा जाणकार डॉक्टर आणि तारीख चुकली तर रुग्णाला फोन करणारा माणूस एवढ्यावर सुरुवात होते. पेरणीच्या हंगामात तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची मुभा मिळाली, तर बऱ्याच खेपा तिथेच वाचतील.