गालाचा ताठरपणा गावातच मोजा

मावा खाणाऱ्याचे तोंड हळूहळू मिटत जाते. आधी तिखटाने आग होते, मग गाल आतून पांढुरके पडतात, ताठतात, आणि पुढे भाकरीचा तुकडाही आत जाईना होतो. सांगली, मिरज, कराड, सातारा इथल्या दंतवैद्यांना असे रुग्ण नवे नाहीत. ते गालाच्या आत बोट फिरवून घट्ट झालेले पट्टे चाचपतात, वरच्या आणि खालच्या दातांमधले अंतर पट्टीने मोजतात आणि केसपेपरवर मिलिमीटरचा आकडा लिहितात. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात चोळून केलेला मावा त्यानंतरही तोंडे बंद करतोच आहे.

डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतात या विकाराची नोंद केली ती १९५३ मध्ये. सुपारीतले अरेकोलिन गालातल्या पेशींना जास्त कोलॅजेन तयार करायला लावते. सुपारीत तांबेही बरेच असते; त्याने कोलॅजेनचे तंतू एकमेकांना जखडणारे विकर जोर धरते. पेशीभोवतीची मऊ जागा अशी आवळत जाते आणि काही रुग्णांत पुढे कर्करोग होतो. हा आजार मुळात ताठरपणाचाच आहे. तरीही ताठरपणा किती, हे कुठल्याच केसपेपरवर नसते. दातांमधल्या अंतरात रुग्णाच्या वेदना, त्याचे स्नायू, त्याची भीती असे सगळेच मिसळलेले असते.

ताठरपणाचा आकडा महत्त्वाचा, कारण पेशी तो स्वतः ओळखते. एंगलर, सेन आणि डिशर यांनी २००६ मध्ये एकाच जातीच्या मूळपेशी वेगवेगळ्या ताठरपणाच्या जेलवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींच्या वळणावर गेल्या, त्याहून घट्ट जेलवर स्नायूंच्या आणि सर्वांत ताठ जेलवर हाडांच्या. त्यांतले शमिक सेन पुढे आयआयटी मुंबईत पेशींच्या याच यांत्रिकीवर काम करू लागले.

ताठरपणाची ही मोजणी साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाने होते. एक मायक्रॉन व्यासाचा मणी पाण्यात सोडला की रेणूंच्या धक्क्यांनी तो थरथरतो आणि सेकंदाभरात साधारण स्वतःच्या व्यासाइतका सरकतो. तोच मणी कोलॅजेनच्या जाळ्यात अडकवला तर जागच्या जागी घुटमळतो. जाळे जितके घट्ट, तितके घुटमळणे कमी. कॅमेऱ्याने ही थरथर टिपायची आणि आइन्स्टाइनच्या १९०५ च्या गणिताच्या आधारे भोवतालचा ताठरपणा काढायचा. दुसरी रीत पेशीची ओढ मोजण्याची. मणी पेरलेल्या जेलवर पेशी ठेवली की ती जेल ओढते, मणी किंचित हलतात. जेलचा ताठरपणा आधीच माहीत असल्याने ओढीचा जोर कळतो. हॅरिस, वाइल्ड आणि स्टोपाक यांनी १९८० मध्ये सिलिकॉनच्या पातळ पापुद्र्यावर पेशींनी पाडलेल्या सुरकुत्या दाखवल्या, त्याही नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखालीच.

मग नमुने पुण्या-मुंबईला धाडावेत, असे कुणी म्हणेल. इथेच अडचण आहे. बायॉप्सीचा तुकडा काढला की तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो आणि फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांत जखडते. जे मोजायचे तेच त्यात बदलून जाते. त्या तुकड्याच्या स्लाइडवर योग्य रंग देऊन, ध्रुवित प्रकाशात कोलॅजेनच्या तंतूंची मांडणी छान दिसते. ताठरपणा मात्र गेलेला असतो. त्यासाठी तुकडा ताजाच हवा आणि काही तासांत सूक्ष्मदर्शकाखाली यायला हवा. म्हणून ही मोजणी जिथे रुग्ण आहे तिथेच व्हायला हवी, असा आमचा आग्रह आहे.

सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत हे अवघड का असावे? सांगलीत दंत महाविद्यालये आहेत, शेजारी मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विश्रामबागेत १९४७ चे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. कराडात दंतशिक्षणही आहे आणि १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचे विज्ञान महाविद्यालय आहे. मण्याच्या थरथरीचे गणित भौतिकशास्त्राच्या पदवीच्या विद्यार्थ्याला झेपणारे आहे. जेलसाठी लागणारे पॉलिॲक्रिलामाइड जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत रोजच्या वापरातले आहे. उणीव आहे ती दंतवैद्य, पॅथॉलॉजिस्ट आणि अभियंता यांना एका टेबलाशी बसवणाऱ्याची. ते काम महाविद्यालयांच्या प्राचार्यांनीच अंगावर घ्यावे.

सुरुवातीला रुग्णाला जादा त्रास द्यावा लागणार नाही. निदानासाठी तुकडा काढलाच जातो, ताठ पट्टे शस्त्रक्रियेत कापलेही जातात. नीतिमत्ता समितीची परवानगी आणि रुग्णाची संमती घेऊन त्यातला कणभर भाग फॉर्मॅलिनऐवजी थंड पोषक द्रवात ठेवायचा आणि त्याच दिवशी मोजायचा. गालात दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनांनी कुणाचे तंतू सैल होण्यासारखे आहेत आणि कुणाचे सरळ सर्जनकडे पाठवण्याइतके जखडले आहेत, याचा शोध त्या आकड्यांपासून सुरू करता येईल.