आजोबांची वाघीण

पुण्यात १९९८ साली सुरू झालेले जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय पाहून आल्यापासून बुऱ्हाणपूरच्या आमच्या घरात चिरंजीवांनी मालगाडी बनवायला घेतली. प्रमाण १:८७. सपाट वाघिणीवर फळ्या म्हणून आइस्क्रीमच्या काड्या रचल्या. लाकडाच्या वखारीत हयात घालवलेले आमचे वडील हसले, “बाळा, हिशेब कर!” १ सें.मी. काडीची फळी ८७ सें.मी. रुंद निघाली. “एवढा साग कुठून आणशील?”

मग आगकाड्या आल्या. २ मि.मी. म्हणजे साधारण १७ सें.मी.चा वासा. थरांमध्ये आडव्या पट्ट्या, कडेला खुंटे, वरून दोरा. “खुंटे नसले तर माल वाटेतच घसरेल.”

वखार सुटल्यापासून गप्प असणारे वडील त्या संध्याकाळी तासभर बोलत होते. दुसरी वाघीण आता त्यांच्याच मापाने होते आहे.